एका परिचारिकेची साक्ष

घरात कोणी आजारी पडले की आपण रात्र रात्र उशाशी बसतो. हेच काम युद्धात करणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र आपल्या कानांवर क्वचितच येतात. त्यांपैकी ऑस्ट्रेलियाच्या लष्करी परिचारिका व्हिव्हियन बुलविंकल यांची हकिगत येथे सांगते.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडण्याच्या बेतात होते. १२ तारखेस ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिका ‘व्हायनर ब्रूक’ या बोटीने तेथून निघाल्या. दोन दिवसांनी सुमात्राजवळच्या बांका बेटापाशी बाँब पडून बोट बुडाली. १२ परिचारिका समुद्रातच गेल्या. २२ जणी एका किनाऱ्यावर जमल्या. बरोबरची बायकामुले शरण जाण्यासाठी गावाकडे निघाली. या मात्र जखमींना सोडून गेल्या नाहीत. १६ तारखेस जपानी शिपाई आले. त्यांनी पुरुषांना बाजूला नेऊन मारले, आणि परिचारिकांना समुद्रात चालायला लावून पाठीमागून गोळ्या घातल्या. २१ परिचारिका प्राणास मुकल्या. व्हिव्हियनबाईंच्या कमरेजवळून गोळी आरपार गेली. पण मेल्याचे सोंग घेऊन त्या पाण्यावर पडून राहिल्या.

पुढे त्या रानात लपल्या. तेथे एक जखमी इंग्रज शिपाई भेटला. स्वतःची जखम विसरून त्यांनी त्याची शुश्रूषा केली. गावच्या पुरुषांनी भीतीपोटी मदत नाकारली, तेव्हा बायकांनी गुपचूप अन्न आणून दिले. सुमारे १२ दिवसांनी दोघे शरण गेले. तो शिपाई थोड्याच दिवसांत वारला.

कैदेत व्हिव्हियनबाईंना बोटीवरच्या उरलेल्या मैत्रिणी भेटल्या. झाला प्रकार ऐकून सर्वांनी ठरवले, की याचा ब्रही काढायचा नाही. साक्षीदार जिवंत आहे हे पहारेकऱ्यांना कळते, तर तिचा जीव गेला असता. गणवेशाला पडलेले गोळीचे भोक दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर पाण्याची बाटली अडकवली होती. साडेतीन वर्षांच्या उपासमारीत व रोगराईत आणखी ८ जणी दगावल्या. १९४५ साली ६५ पैकी अवघ्या २४ जणी मायदेशी परतल्या.

डिसेंबर १९४६ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयात व्हिव्हियनबाईंनी आपल्या २१ सोबतिणींच्या वतीने साक्ष दिली. पुढेही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. २००० साली त्या निवर्तल्या. २०२३ साली कॅनबेरा येथील युद्धस्मारकात त्यांचा पुतळा उभारला गेला.

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असे लोक म्हणतात. या परिचारिकांनी एका मैत्रिणीच्या जिवासाठी ती साडेतीन वर्षे पोटात ठेवली, आणि वेळ आली तेव्हा तिनेच ती भर न्यायालयात सांगितली.