मस्जिदीच्या अंगणातील तंबू : हजरत रुफैदा अस्लमिया

रुग्णसेवा म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवते. ते योग्यच आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ही बाई अडतीस परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेली आणि लष्करी रुग्णालयांचे रूपच तिने पालटले. परंतु तिच्या बाराशेहून अधिक वर्षे आधी मदीना शहरात एका स्त्रीने युद्धातील जखमींसाठी तंबू उभारला होता, हे आमच्या मुलामुलींना, आणि खरे सांगायचे तर आम्हा पालक-शिक्षकांनाही, फारसे ठाऊक नसते.

तिचे नाव रुफैदा. मदीनेच्या पश्चिमेकडील अस्लम कबिल्यातील म्हणून अस्लमिया. हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७. मक्केचे कुरैश व त्यांचे मित्र कबिले मिळून सुमारे दहा हजारांची फौज मदीनेवर चालून आली. हजरत सलमान फारसी यांच्या सल्ल्यावरून शहराच्या उघड्या बाजूस खंदक खणण्यात आला, म्हणून या लढाईला खंदकाची लढाई म्हणतात. समोरासमोरची झुंज फारशी झाली नाही. दोन्हीकडून बाण मात्र सुटत राहिले. त्यातला एक बाण औस कबिल्याचे सरदार हजरत साद बिन मुआज यांच्या हातावरील मोठ्या शिरेत लागला. रक्त थांबेना.

पैगंबर साहेबांनी (स.अ.) त्यांना रुफैदाच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. हा तंबू कोठे होता? गावाबाहेर नव्हे, एखाद्या आडबाजूला नव्हे, तर खुद्द मस्जिद-ए-नबवीच्या आवारात! येता-जाता साद यांची विचारपूस करता यावी, हा त्यामागील हेतू. सकाळी पैगंबर साहेब तेथून जाताना रात्र कशी गेली ते विचारीत, संध्याकाळी दिवस कसा गेला ते विचारीत. इमाम बुखारी यांनी ही हकिगत नोंदविली आहे. सीरतचे आद्य लेखक इब्न इसहाक आणखी एक गोष्ट सांगतात : रुफैदा जखमींवर उपचार करी, आणि ज्यांची देखभाल करणारे कोणी नसेल अशांची सेवा पुण्यकर्म म्हणून स्वतःहून पत्करी.

साद वाचले नाहीत. जखमेला डाग देण्यात आला, ती भरत आली होती. पण काही दिवसांनी पुन्हा फुटली. शेजारी बनू गिफार कबिल्याचा तंबू होता, तेथपर्यंत रक्ताचा ओघळ गेला तेव्हा लोकांच्या लक्षात आले. ज्या रुग्णाची एवढी शुश्रूषा केली तोच डोळ्यांदेखत गेला. आजची कोणतीही परिचारिका हे दुःख ओळखील.

इब्न साद या इतिहासकाराने मस्जिदीतील तंबूची हीच हकिगत कुऐबा बिन्त साद अस्लमिया या नावाखाली दिली आहे. काही विद्वान दोन्ही नावे एकाच स्त्रीची मानतात. ही कुऐबा हिजरी सन ७ मध्ये खैबरच्या मोहिमेतही गेली होती, आणि तिला पुरुष सैनिकाइतका हिस्सा मिळाल्याची नोंद वाकिदीने केली आहे. अलीकडे रुफैदाविषयी पुष्कळ सजवून लिहिले जाते. कोणी तिला परिचर्येची शाळाही काढून देतात. माझ्या मते त्याची गरज नाही. मस्जिदीतला तो तंबू पुरेसा आहे.

शिवाय ती एकटी नव्हती. उम्मे अतिया या सात मोहिमांत सैन्याबरोबर होत्या. जेवण रांधणे, जखमींना औषधपाणी, आजाऱ्यांची देखभाल ही कामे त्यांनी केली. रुबैय्य बिन्त मुअव्विज सैनिकांना पाणी पाजीत आणि जखमींना मदीनेस परत आणीत. या हकिगती हदीसच्या विश्वसनीय ग्रंथांत आहेत. दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये परिचर्येच्या महाविद्यालयाला रुफैदाचे नाव देण्यात आले, ते उगीच नव्हे.

हे सारे आठवण्याचे कारण एक विद्यार्थिनी. बारावीला विज्ञान शाखेत चांगले गुण मिळवून ती उत्तीर्ण झाली. तिला नर्सिंगला जायचे आहे. मी तिच्या वडिलांना भेटलो. भला माणूस, पाच वेळचा नमाजी. चहा झाल्यावर म्हणाले, “सर, तुम्ही दुसरं काहीही सांगा, शिक्षिका होऊ दे, घरी बसून शिवणकाम करू दे. पण परक्या माणसांच्या जखमा आमच्या पोरीनं धुवायच्या? आपल्यात चालतं का ते?”

मी त्यांना साद बिन मुआज यांची हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, “तंबू मस्जिदीतच होता?”

मी होय म्हटले. मुलीचा अर्ज भरून तयार आहे. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे. येत्या जुम्याच्या नमाजानंतर पुन्हा भेटू, असे ते म्हणाले आहेत.