'साठी' आणि 'ची'

बंगळूर शहराच्या कोरमंगल भागातून पुढे जाणारा एक रस्ता सर्जापूर या गावाच्या नावाने ओळखला जातो. या सर्जापूर रोडवर सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले; या जागेवरील रुग्णालय १९७५ साली सुरू झाले. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आईच्या कडेवरून आलेले अपंग मूल काही वर्षांनी बालविभागाचा निरोप घेते. शस्त्रक्रिया झालेली असते, पायांत कॅलिपर आलेले असतात. परंतु नेमक्या याच वयात मनात प्रश्न उभे राहतात. काम कोण देईल? संसाराला सोबती मिळेल काय? आईबापांच्या पश्चात काय होईल? या प्रश्नांवर औषध नाही. त्यांची उत्तरे आपल्या देशात कोणी व कशी शोधली, हा इतिहास उपचारांच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे.

आरंभ उपचारापासून झाला, आणि ते स्वाभाविकच होते. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार धुंडाळताना त्यांना तशीच इतर मुलेही दिसली, आणि १९४७ साली त्यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजीअली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय हे त्या खटपटीचे फळ होय. मातेच्या तळमळीवाचून हे कार्य उभे राहते ना. तथापि मूल वाढते, आणि वाढलेल्या मुलाला मायेइतकीच बरोबरीचीही भूक लागते.

ही भूक बंगळुरात संस्थेच्या रूपाने प्रकट झाली. बालपणीच पोलिओने गाठलेल्या एन. एस. हेमा यांनी आपल्या सोबत्यांसह १९५९ साली एक संघटना स्थापन केली. तिच्या नावात 'अपंगांसाठी' असा प्रयोग नव्हता. ती 'अपंगांची' संघटना होती. प्रत्ययाचा हा फरक वरवर लहान. पण 'साठी' म्हटले की देणारा व घेणारा निराळे होतात, आणि 'ची' म्हटले की मालकी येते. पुढे या संघटनेने लिंगराजपुरम येथे शिक्षणाची व उद्योगशिक्षणाची सोय केली. हाताला काम मिळाले, आणि त्याबरोबर आपल्यासारखीच माणसे भेटली. एकटेपणावरील हा पहिला उतारा ठरला.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या चरित्रात येतो. खेळण्याबागडण्याच्या वयात, सोळा-सतरा वर्षांच्या असताना, त्यांच्या कमरेखालील शक्ती गेली. घरच्यांचे प्रेम अपार होते; तरीही निराशा हटेना. ती हटली बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. तेही तशाच व्याधीने ग्रस्त होते. पण स्वावलंबी जीवन जगत होते. शंभर उपदेशांनी जे साधले नसते, ते एका उदाहरणाने साधले. नसीमादीदींनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, आणि 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात आपल्या मनाची उलघाल निःसंकोचपणे मांडली.

यानंतर काळ पुष्कळ पालटला. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. २०१६ च्या कायद्याने मान्य प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर नेली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. मात्र मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचे विकार, दृष्टिहीनता घेऊन मुले आजही मोठी होत आहेत. कायदा नोकरीचे दार उघडू शकतो. दारापलीकडे सन्मानाने वागवणे शेजाऱ्याच्या व सहकाऱ्याच्याच हाती राहते.

सर्जापूर रोडच्या शेजारीच, एच.एस.आर. लेआउटमध्ये, 'समर्थनम्' या संस्थेचे ठाणे आहे. बेळगावकडचे महांतेश किवडसन्नवर यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी आपले दृष्टिहीन बालमित्र नागेश यांच्यासह १९९७ साली ही संस्था उभारली. शिक्षणाबरोबरच अंधांच्या क्रिकेटलाही तिने मोठा आधार दिला. खेळाने डोळे परत येत नाहीत हे खरे. पण संघात आपली जागा आहे, आपल्यावाचून डाव अडतो, ही जाणीव येते. तरुण मनाला जगण्यासाठी याच जाणिवेची गरज असते, मग ते मन कोणत्याही देहात नांदत असो.