न्यायमूर्ती पोलीसप्रमुख होतो तेव्हा

द्वारसभेत श्रोत्यांच्या मागे साध्या वेषात उभा राहून वहीत नावे टिपणारा मनुष्य आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्यावर आमचा राग नाही. तो पोटासाठी उभा असतो. आमचा प्रश्न एवढाच, की ती वही शेवटी कोणाच्या टेबलावर जाते? तेथे एखादा न्यायमूर्ती बसवला तर भागेल काय? अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला.

तेथील एफ. बी. आय. या केंद्रीय तपासखात्यावर जे. एडगर हूव्हर यांनी १९२४ पासून १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकहाती सत्ता चालवली. गुन्हेगारांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या पुढाऱ्यांवरही पाळत राहिली. कुंपणच शेत खात होते. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने ते चव्हाट्यावर आणण्यास आरंभ केला. १९७६ मध्ये कायद्याने प्रमुखाची मुदत १० वर्षांवर बांधली, आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या खुर्चीवर विल्यम वेबस्टर यांना बसवले.

वेबस्टर मूळचे सेंट लुईसचे, अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती. खात्यात आल्यावरही लोक त्यांना ‘जज’ म्हणूनच संबोधीत. त्यांच्या कारकिर्दीत खात्याने बनावट अरब शेख उभा करून लाचखोरीचे सापळे लावले. एक सिनेटर व प्रतिनिधिगृहाचे ६ सभासद दोषी ठरले. बड्यांना हात लावण्याची ही हिंमत आम्ही नाकारीत नाही.

परंतु याच काळात, १९८१ ते १९८५ मध्ये, एल साल्वादोरच्या जनतेला पाठिंबा देणाऱ्या एका संघटनेची चौकशी चालली. तिचे जाळे पसरत जाऊन जोगिणींचा एक संघ आणि मोटार कामगारांची युनियन यांचीही नावे कागदांत आली. १९८८ मध्ये माहितीच्या कायद्याखाली ते कागद बाहेर पडले. वेबस्टर तेव्हा सी. आय. ए. चे प्रमुख झाले होते. त्यांच्या जागी आलेले विल्यम सेशन्स, तेही पूर्वीचे न्यायाधीशच, यांना चुका कबूल करून ६ जणांवर शिस्तभंगाची कारवाई करावी लागली.

हे का झाले? न्यायासनासमोर दोन्ही बाजू उभ्या राहतात. पोलीसप्रमुखाच्या टेबलावर एकच फाईल येते. जिच्याविषयी ती असते त्या माणसाचा वकील त्या खोलीत नसतो. न्यायमूर्ती खुर्ची बदलून आला, पण न्यायालय काही त्याच्याबरोबर आले नाही.

कारखान्यातल्या खातेनिहाय चौकशीत आम्ही हाच धडा शिकलो. चौकशी अधिकारी सज्जन असला तर उत्तमच. पण कामगाराला कागद दाखवलेच पाहिजेत व त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. वेबस्टर २०२५ मध्ये, १०१ व्या वर्षी वारले. खुर्चीवर भला माणूस जरूर बसवावा. मात्र त्याची वही तपासण्याचा हक्क आपण कधीही सोडू नये.