दुकानातला जुना कॉम्प्युटर 'चालतोय' ना, मग धोका कसला?

मेडिकल स्टोअर, हार्डवेअरचं दुकान, छापखाना, टॅक्स सल्लागाराचं छोटं ऑफिस. यातल्या अनेक ठिकाणी काउंटरमागे दहा-बारा वर्षं जुना कॉम्प्युटर असतो. सकाळी तो सुरू होतो, दिवसभर बिलं निघतात, रात्री गल्ल्याचा हिशेब लागतो. सॉफ्टवेअर अपडेट करा म्हटलं की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

हे उत्तर अगदीच बिनबुडाचं नाही. अपडेटनंतर बिलाचा प्रिंटर रुसून बसल्याचा अनुभव अनेकांना असतो. पण जुनं सॉफ्टवेअर जुन्या पंख्यासारखं नसतं. पंखा झिजला की आवाज करतो, मग दुरुस्त करता येतो. सॉफ्टवेअर झिजत नाही. ते आहे तसंच राहतं, बदलतं ते भोवतालचं जग. त्यामुळे धोका वाढत असताना स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही.

सपोर्ट बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेला कॉम्प्युटर बंद पडत नाही. बंद होतात ते सुरक्षेचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं बुजवणारी ठिगळं.

खरी गोम पुढे आहे. नव्या आणि जुन्या विंडोजमधला बराचसा कोड सारखाच असतो. नव्या आवृत्तीसाठी पॅच आला की हल्लेखोर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी-शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात. भोक कुठे होतं ते त्यांना कळतं. तेच भोक सपोर्ट संपलेल्या आवृत्तीतही असेल तर तिथे ते उघडंच राहतं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरसाठीचं औषध जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता सांगून जातं.

मे २०१७ मध्ये काय झालं होतं?

१२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि काही दिवसांतच दीडशेहून अधिक देशांत पोहोचला. तो कॉम्प्युटरमधल्या फाइल्सना कुलूप लावायचा आणि ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत रुग्णांच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

तो ज्या भोकातून शिरला, त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता. फटका बसलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते आणि त्या वेळी विंडोज ७ चा सपोर्ट सुरू होता. पॅच उपलब्ध होता, तो कोणी बसवला नव्हता इतकंच. म्हणजे 'जुनं सॉफ्टवेअर' व्हायला दहा वर्षं लागतातच असं नाही, दोन महिनेही पुरतात.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला. जहाज वाहतुकीतली बलाढ्य कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही अडकलं. गंमत अशी की हा व्हायरस युक्रेनमध्ये शिरला तो एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मग अपडेट करूच नये का? तसं नाही. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत घुसखोरी केली होती. पण आत शिरल्यावर नॉटपेट्याने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक तेच मार्चमध्ये बुजवलेलं भोक होतं. दुसरी वाट चोरलेल्या पासवर्डची होती. ती पॅचने अडत नाही, म्हणून फक्त अपडेटवर विसंबूनही भागत नाही.

छोट्या दुकानदाराचं नुकसान खंडणीच्या रकमेपुरतं नसतं. उधारीची खाती गेली तर काय? ज्यांना पैसे द्यायचे आहेत ते व्यापारी स्वतःहून फोन करतात. ज्यांच्याकडून यायचे आहेत ते सहसा करत नाहीत.

हल्ला झालाच नाही तर?

तरी अडचण येतेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलायची सोय नाही आणि ज्याचा बनवणारा आता फोन उचलत नाही, ते चुकीची बिलं काढत राहतं. ब्राउझरचंही तसंच. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं. त्यानंतर तिथे नवं क्रोम नाही, त्यामुळे बँक किंवा सरकारी पोर्टल हळूहळू कुरकुर करू लागतात.

मराठी छापखान्यांची कथा आणखी वेगळी. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं वर्षानुवर्षं पेजमेकरवर झाली. त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची. मजकूर असायचा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. असा फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. वीस वर्षांचं काम एका जुन्या मशिनच्या जिवावर उभं असतं आणि त्याची हार्डडिस्क कधी जाईल याची खात्री नसते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा याच दुखण्याचा वाईट प्रकार. त्याला अधिकृत अपडेट घेता येत नाहीत आणि ते टाकताना अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तिथेच शंका यायला हवी.

खर्च न परवडणाऱ्यांनी काय करावं?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुनी मशिन बाद होतात. व्यवसायांना विंडोज १० चे पॅच विकत घेता येतात. पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर, नंतर दरवर्षी दुप्पट, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशेब केला तर बऱ्याच जणांना नवं मशिन स्वस्त पडेल.

जुन्या सॉफ्टवेअरवाचून गत्यंतर नसेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून टाकावं. बँकेचे व्यवहार आणि ईमेल त्यावर करू नयेत. पेजमेकरच्या फाइल्सची पीडीएफ करून ठेवावी आणि फाँटच्या फाइल्सही सोबत जपाव्यात. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावा आणि काम झालं की ती काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही व्हायरस कुलूप लावतो. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधलं एखादं खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावं. बॅकअप रिकामा निघाल्याचं अनेकांना तो लागतो त्याच दिवशी कळतं.