मण्याच्या पोटातली नक्षी

रेडिओवर दागिन्याविषयी बोलायचं म्हणजे मोठी पंचाईत. वस्तू हातात धरून दाखवता येत नाही. म्हणून आधी तुम्हाला स्वयंपाकघरात नेतो. अळूवडीचा उंडा आठवा. पानावर पीठ, त्यावर पान, पुन्हा पीठ आणि मग घट्ट गुंडाळी. बाहेरून तो नुसता हिरवा दिसतो. सुरी चालवली की चकतीवर चक्र उमटतं. पहिल्या चकतीवर जे, तेच शेवटच्या चकतीवर. ते कुणी वरून काढलेलं नसतं, आरपार गेलेलं असतं.

सोलापूरला माझी भाची घरी बसून कानातली आणि गळ्यातले मणी करते, ते याच रीतीने. पॉलिमर क्ले नावाचा रंगीत लगदा मिळतो. मध्ये पिवळी वळी, भोवती पांढऱ्या पाकळ्या, पाकळ्यांच्या खाचांत निळा रंग, असं रचत ती मनगटाएवढी जाड कांडी तयार करते. मग ती कांडी चारी बाजूंनी दाबत, ओढत, लाटत बारीक करत नेते. मनगटाची बोटाएवढी होते, लांबी हातभर वाढते. आतलं फूलही त्याच मापाने लहान होत जातं, पण पाकळी जागची हलत नाही. फक्त दोन्ही टोकं बिघडतात, ती कापावी लागतात. ती टोकंही फुकट जात नाहीत. सगळे रंग मिसळून त्यांचा मातकट गोळा होतो, तो मण्याच्या पोटात जातो आणि वरून फुलांच्या चकत्या बसतात. हे सगळं ओव्हनमध्ये भाजलं की झालं.

मागे एका प्रदर्शनात तिच्या टेबलापाशी एक बाई आल्या. दीडशे रुपयांची कानातली उलटसुलट करून म्हणाल्या, "शेवटी प्लॅस्टिकच ना? वीसला द्या." भाचीने काही उत्तर दिलं नाही. मला धंद्यातलं काही कळत नाही, मी कविता लिहिणारा माणूस. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि मी मण्यांचा इतिहास वाचत बसलो.

ही युक्ती काचेची आहे आणि दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ग्रीक-रोमन काळातल्या इजिप्तमध्ये कारागीर रंगीत काचेच्या बारीक कांड्या जुळवून, तापवून, ओढून त्यांच्या चकत्या कापत. त्यात नाटकातल्या मुखवट्यांचे चेहरेही असत आणि तिथे त्यांनी एक गंमत केली होती. कांडीत चेहरा अर्धाच रचायचा. दोन चकत्या कापायच्या, एक उलटी करून दुसरीला जोडायची, की पूर्ण चेहरा तयार! डावा गाल उजव्या गालाशी तंतोतंत जुळलेला. आज पॉलिमर क्लेमध्ये चेहरे करणारे कलावंत पुष्कळदा हेच करतात.

पुढे हे काम व्हेनिसला फुललं. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये तिथल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. कारागिरांना मान होता, पण बेट सोडून परदेशी जायला मनाई होती. विद्या बाहेर जाऊ नये म्हणून. या बेटावर पंधराव्या शतकात अँजेलो बारोव्हिएर हा नामवंत काचकार होता. त्याची मुलगी मारिएट्टा. तिला १४८७ मध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्याकडून स्वतःची छोटी भट्टी चालवायची परवानगी मिळाली. त्या काळात एका बाईच्या नावे भट्टी, ही लहान गोष्ट नव्हती. पांढरा, तांबडा, निळा असे थर एकावर एक चढवून, मधल्या थरांना तारकेचा आकार देऊन केलेला 'रोझेट्टा' मणी तिनेच शोधला, असं परंपरा सांगते. तापलेल्या काचेचा गोळा दोन माणसांनी दोन टोकांना धरायचा आणि उलट दिशांना चालत सुटायचं, म्हणजे मधली कांडी लांबत जाते. माझी भाची जे पोळपाटावर करते, तेच.

हे मणी गेले कुठे? थेट आफ्रिकेत आणि अमेरिकेत. सोळाव्या शतकापासून युरोपचे व्यापारी ते जहाजं भरभरून नेत. त्यांच्या बदल्यात सोनं घेतलं, हस्तिदंत घेतलं, पामतेल घेतलं आणि माणसंही घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या लेव्हिन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याची मण्यांची नमुनापत्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुठ्ठ्यावर ओळीने मणी शिवलेले, आपल्याकडे कापडाचे नमुने लावतात तसे. ज्या मण्यांना व्हेनिसवाले 'मिलेफिओरी', म्हणजे हजार फुलं, म्हणत, तेही याच वाटेने आफ्रिकेत गेले. इतकं देखणं नाव आणि असा बाजार. आमच्याकडे नवरीच्या गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा बांधतात, तुमच्याकडे मंगळसूत्र. दोन्हीतला काळा मणी कुठल्या भट्टीतून आला, कुणाच्या हाताने आला, हे आपण तरी कुठे विचारतो?

आता प्लॅस्टिककडे येऊ. जर्मनीत केथे क्रूझ नावाची बाई होती. नवरा शिल्पकार. मुलीसाठी बाहुली घ्यायची म्हटल्यावर त्याला बाजारातल्या बाहुल्या आवडेनात, तेव्हा १९०५ मध्ये तिने स्वतःच कापडाची बाहुली केली. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. तिची एक मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी. १९३९ च्या सुमारास बाहुल्यांच्या डोक्यांसाठी म्हणून एक नवा प्लॅस्टिकचा लगदा कारखान्यात आला. कारखान्याला तो मानवला नाही. फिफीने तो घरी नेला, मुलांना खेळायला दिला, त्यावर काम करत राहिली आणि पुढे 'फिफी मोझाइक' या नावाने विकू लागली. १९६४ मध्ये तिने तो एबरहार्ड फाबर या कंपनीला विकला. कंपनीने त्याचं नाव ठेवलं 'फिमो'. पहिलं अक्षर फिफीचं, दुसरं मोझाइकचं.

या लगद्यात माती औषधालाही नाही. पीव्हीसीची पूड, ती मऊ ठेवणारं तेलासारखं रसायन आणि रंग. नावात माती, अंगात प्लॅस्टिक. काचेला हजार अंशांच्या आसपास आच लागते, याला ११० ते १३० अंश पुरतात. म्हणून जे भट्टीवाल्यांच्या मक्तेदारीत होतं, ते घराघरांत आलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत पिअर व्होल्कस, स्टीव्हन फोर्ड, डेव्हिड फोर्लानो अशा कलावंतांनी कांडीची जुनी काचविद्या या लगद्यात उतरवली. नॅन रोश यांचं 'द न्यू क्ले' हे पुस्तक १९९१ मध्ये आलं आणि शिकणाऱ्यांना पाठ्यपुस्तक मिळालं. २०११ मध्ये रसीनच्या कलासंग्रहालयाने या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं.

तेव्हा त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. प्लॅस्टिकच आहे ते. आच जास्त झाली तर जळतं आणि घातक धूर सोडतं. त्यासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत. ते मातीत मिसळतही नाही. हे दोष मला झाकायचे नाहीत. पण काच तरी काय, वाळूच की! वीस रुपयांचा हिशेब लगद्याचा होता. बारीक होत गेलेल्या पाकळीचा त्यात कुठेच नव्हता.

भाचीच्या फळीवर फिमोचं एक पाकीट असतं. फिफीची गोष्ट सांगितली तेव्हा तिने ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मामू, म्हणजे बाईचं नाव अर्धंच राहिलं की यावर!"

"अर्धं तरी राहिलं," मी म्हणालो. "मारिएट्टाचं मण्यावर तेवढंही नाही."

ती काही बोलली नाही. हल्ली मात्र कानातली भाजायच्या आधी ती त्यांच्या पाठीवर सुईने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरते. किंमत अजून दीडशेच आहे.