वेलोद्रोम दिव्हेर

पॅरिसमधील, आता अस्तित्वात नसलेले छप्परबंद क्रीडागृह व सभागृह. शहराच्या पंधराव्या विभागात, आयफेल टॉवरपासून थोड्या अंतरावर, बुलवार द ग्रेनेल आणि नेलातों रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर ते १९१० ते १९५९ पर्यंत उभे होते. नावाचा अर्थ ‘हिवाळी सायकलपट्टा’. पॅरिसकरांनी ते नाव तोडून ‘वेल दीव्ह’ केले. आज फ्रान्समध्ये हे दोन शब्द उच्चारले तर सायकल कुणाला आठवत नाही.

१८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शां द मार्स मैदानावर एक प्रचंड यंत्रदालन बांधले होते. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये त्यात सायकलींचा ट्रॅक घातला. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांनी तूर द फ्रान्स सुरू केली होती; थंडीपावसात शर्यती घ्यायच्या तर डोक्यावर छप्पर हवे होते. पुढे यंत्रदालन पाडायचे ठरले, तेव्हा देग्रांज यांनी जवळच नवी इमारत उभी केली. आराखडा गास्तों लांबेर यांचा. १३ फेब्रुवारी १९१० रोजी ती खुली झाली. आत सुमारे २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणांवर इतका चढा की वेग कमी झाला तर स्वार खाली घसरावा. भोवती दोन मजली प्रेक्षागार, वर काचेचे छत, आणि सुमारे १७,००० प्रेक्षकांची सोय.

१९१३ पासून इथे सहा दिवसांची शर्यत होऊ लागली आणि वेल दीव्हची खरी ओळख तीच. दोघांची जोडी, सहा दिवस, सहा रात्री जोडीतला एक जण ट्रॅकवर असलाच पाहिजे. दुसरा तेवढ्यात ट्रॅकलगतच्या खोपट्यात डुलकी काढी, खाई, मालिश करून घेई. आपल्याकडे पिटातला प्रेक्षक म्हणजे स्वस्त तिकिटाचा, इथे उलट. ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत बड्या लोकांची टेबले मांडलेली, त्यांवर शॅम्पेन. मजूर, कारकून वरच्या गॅलरीत, घरून आणलेल्या शिदोरीवर रात्र काढणारे. शर्यत मंदावली की एखादा धनिक पुढच्या काही फेऱ्यांसाठी बक्षीस जाहीर करी, आणि पेंगुळलेले स्वार पुन्हा पेडल मारू लागत. हेमिंग्वे यांनी पॅरिसच्या आठवणींत या ट्रॅकविषयी लिहिले आहे.

१९२४ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध, कुस्ती व वजन उचलण्याच्या स्पर्धा इथे झाल्या. १९३१ मध्ये जेफ डिकसन या अमेरिकी आयोजकाने व्यवस्थापन हाती घेतले आणि बर्फाचे रिंगण आणले. मुष्टियुद्धे, सर्कशी आणि डाव्या-उजव्या सर्वच पक्षांच्या सभा एकाच छताखाली होत.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, १६ व १७ जुलै १९४२ रोजी, पॅरिस व उपनगरांतून १३,१५२ ज्यूंना पकडण्यात आले. त्यांत ४,११५ मुले होती. हुकमामागे जर्मन होते, पण दारे ठोठावणारे पोलीस फ्रेंच होते आणि पत्त्यांची कार्डेही फ्रेंच पोलिसांच्याच दप्तरातली. एकट्यादुकट्यांना व मूल नसलेल्या जोडप्यांना द्रांसीच्या छावणीत नेले, कुटुंबांना वेल दीव्हमध्ये. आठ हजारांहून अधिक माणसे सुमारे पाच दिवस तिथे कोंडलेली होती. हवाई हल्ल्यांच्या भीतीने काचेचे छत आधीच गडद निळे रंगवलेले होते. खिडक्या बंद, वर जुलैचा उकाडा. दहा शौचकुपांपैकी पाचांना टाळे, कारण त्यांच्या खिडक्यांतून पळता आले असते. बंबवाल्यांनी आपले पाइप जोडून लोकांना पाणी दिले आणि घाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या बाहेर नेल्या. पुढे पितिव्हिए व बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत मुलांना आयांपासून तोडले गेले. मग द्रांसीमार्गे आउशविट्झ.

या प्रसंगाचे एकच छायाचित्र मिळाले आहे: बाहेर ओळीने उभ्या बसगाड्यांचे. आतल्या गर्दीचे जे चित्र वर्षानुवर्षे पुस्तकांत छापले गेले, ते १९४४ मध्ये इथेच डांबलेल्या संशयित जर्मनधार्जिण्यांचे असल्याचे इतिहासकार सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी दाखवून दिले. चूक कशी झाली ते समजण्यासारखे आहे. जागा तीच, बाके तीच. ऑगस्ट १९५८ मध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ले केल्यावर पॅरिसमधल्या हजारो अल्जीरियनांनाही पोलिसांनी इथेच आणले. मोजकी दारे आणि भरपूर बैठका असलेली इमारत जवळ असली की पोलिसांना ती आठवतेच.

महायुद्धानंतर खेळही थांबले नव्हते. १९५१ ची युरोपीय बास्केटबॉल स्पर्धा इथे झाली. नोव्हेंबर १९५८ मधील शेवटची सहा दिवसांची शर्यत झाक आंकेतिल, आंद्रे दारिगाद व फेर्दिनांदो तेरुत्सी या तिघांच्या संघाने जिंकली. १९५९ मध्ये आगीत इमारतीचे नुकसान झाले आणि उरलेली पाडण्यात आली. जागेवर नव्या इमारती आल्या, त्यांत गृहमंत्रालयाची कार्यालयेही होती. शेजारून मेट्रो उंच खांबांवरून जाते. लगतच्या स्थानकाचे नाव बीर-हाकेम.

१६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी १९४२ च्या धरपकडीतील फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी प्रथमच उघडपणे मान्य केली. २०१७ मध्ये नेलातों रस्त्यावर बळी पडलेल्या मुलांच्या नावांची स्मृतिबाग झाली. मुख्य स्मारक त्याआधीचे, १९९४ चे, सीनच्या काठावर ग्रेनेल धक्क्यालगत आहे. शिल्पकार वॉल्टर स्पिट्झर स्वतः छळछावण्यांतून वाचलेले. पुतळ्यांत मुले आहेत, एक गरोदर स्त्री आहे, आणि ते सारे बसले आहेत तो चौथरा ट्रॅकच्या वळणासारखा कडेने वर उचललेला आहे.