मुंब्रा: एका शब्दात न मावणारं गाव

संगमेश्वर तालुक्यातल्या फुणगूस, कडवई, कसब्याच्या मोहल्ल्यांत मुंबईचा विषय निघाला की मुंब्र्याचं नाव येतंच. कुणाची बहीण तिथे दिलेली असते, कुणाच्या मुलाने तिथे खोली घेतलेली असते. बाहेरच्यांना मात्र या नावासाठी एकच शब्द सुचतो, 'मुस्लिम वस्ती'. हा शब्द खोटा नाही, पण अपुरा आहे.

मुंब्रा 1993 नंतर वसलं असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात पारसिकच्या डोंगराखाली, खाडीच्या कडेला मुंब्रा आणि कौसा ही जुनी गावं. आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान इथले जुने शेजारी. डोंगरावर मुंब्रादेवीचं मंदिर आहे आणि नवरात्रात तिथे जाणारे भाविक आजही याच गावातून वर चढतात. 1 मे 1854 रोजी ठाण्याची रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली, ती खाडीवर पूल बांधून आणि इथला डोंगर पोखरून. पुढे 1916 साली सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा झाला आणि जलद गाड्या कित्येक दशकं मुंब्रा स्टेशन टाळून त्यातूनच धावत राहिल्या. 1982 साली ठाणे महानगरपालिका झाली, तेव्हा मुंब्रा तिच्या हद्दीत आलं.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत मुंबईत 900 माणसं मारली गेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यानंतर मिश्र वस्तीतली घरं सोडून अनेक मुस्लिम कुटुंबं बाहेर पडली. मुंब्र्याला रेल्वे होती, जागा परवडत होती आणि ओळखीची माणसं आधीपासून होती. म्हणजे मुंब्र्याची गर्दी ही हौसेची नाही, त्यामागे भीती आहे. घराची निकड मोठी असली की माणूस परवानग्या तपासत बसत नाही, आणि बिल्डरला ते पक्कं ठाऊक असतं. 4 एप्रिल 2013 रोजी जवळच शीळ इथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 जणांचा जीव गेला. त्यात तिथेच राहून काम करणारे मजूर होते, त्यांची मुलंही होती.

या गर्दीत माणसं तरी किती तऱ्हेची! उत्तर प्रदेशचे, बिहारचे, मराठवाड्याचे, गुजरातचे आणि आपले कोकणातले. कलमा एक, पण बोली, जेवण, लग्नाच्या रीती वेगळ्या. परकार, मुकादम, दळवी, सारंग ही आडनावं दारावर दिसली की ते घर कोकणातलं, हे ओळखता येतं. ईदला सांदण करणारं घरही तेच. संगमेश्वराशी त्यांचा धागा तुटलेला नाही. दिवा–सावंतवाडी गाडी संगमेश्वरला थांबते आणि दिव्याच्या पुढचं स्टेशन मुंब्रा.

पण एक गोष्ट मात्र हातातून सुटत चालली आहे. कोकणी मुसलमानाची घरची बोली मराठीच्या कुळातली. बाजारात, शाळेत, मशिदीच्या दारात सगळ्यांना समजेल अशी हिंदी-उर्दू वापरली जाते, त्यात गैर काहीच नाही. इतक्या ठिकाणची माणसं एकत्र आली की सामायिक भाषा लागतेच. मात्र आता नातवंडं आजीशीही त्याच भाषेत बोलतात. आजी बोलीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

बाहेरचे आपल्याला एकाच साच्यात बघतात ही आपली तक्रार रास्त आहे. पण जनगणनेत मातृभाषेचा रकाना आला की घरात कोकणी मराठी बोलणारेही 'उर्दू' असं सांगून मोकळे होतात. उर्दूवर आपलं प्रेम आहे, ते असावं. तरी आईची भाषा कोणती, एवढाच तो प्रश्न असतो. त्याचं खरं उत्तर देणं आपल्या हातात आहे. ते आपणच दिलं नाही, तर मुंब्र्याची ओळख एका शब्दात उरकणाऱ्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?